पाडव्यानंतर आली डिझायर

२०२४चा दिवाळी पाडवा होता २ नोव्हेंबरला; मारुतीची नवी डिझायर आली ११ तारखेला. लातूर-नांदेडकडे सोयाबीनचा पैसा हाती येतो तो याच दिवसांत, आणि त्या हंगामात बाजारभाव ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच होता. मुहूर्त सोडून थांबणं सोपं नव्हतं. तरी थांबले त्यांनी योग्यच केलं. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळवणारी ही मारुतीची पहिलीच गाडी, आणि सहा एअरबॅग अगदी खालच्या मॉडेललाही. रात्री-अपरात्री कुटुंब घेऊन निघणाऱ्यांना मायलेजपेक्षा हे महत्त्वाचं वाटायला हवं. बाजारात आली तेव्हा सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत होती ६.७९ लाख रुपये. लांबी ३,९९५ मिलिमीटर. चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाड्यांना कर कमी लागतो.