कॅसेटचे चित्र संगणकावर घेताना फ्रेम नेमक्या कुठे सुटतात?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या शहरांतील अनेक घरांत लग्न, मुंज, बारशाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट आजही कपाटात जपून ठेवलेल्या आहेत. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास आणि वालधुनी नद्यांचे पाणी या परिसरातील वस्त्यांत शिरले. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीला पुन्हा मोठा पूर आला आणि बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. पुरातून बचावलेल्या कॅसेटनाही दमट हवेतील बुरशीचे भय असतेच. त्यातच जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले. त्यामुळे कॅसेटवरील चित्रण संगणकावर उतरवून घेणे आता लांबणीवर टाकण्यासारखे राहिलेले नाही.

मात्र हे काम करताना बहुतेकांना एकच अडचण भेडसावते. चित्र मधूनच अडखळते, माणसांचे ओठ आणि आवाज यांचा मेळ सुटतो. यालाच फ्रेम सुटणे म्हणतात.

चाळीस सहस्रांशांचा हिशेब

भारतात वापरल्या जाणाऱ्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम असतात. म्हणजे प्रत्येक फ्रेमसाठी संगणकाला सेकंदाचे ४० सहस्रांश एवढाच वेळ मिळतो. साधी फाईल दुसरीकडे उतरवताना संगणक मंदावला तरी काही बिघडत नाही, काम थोडे उशिरा संपते एवढेच. कॅसेट मात्र कोणासाठी थांबत नाही. संगणकाला उशीर झाला की ती फ्रेम हातची गेली.

तासाभराच्या कॅसेटमध्ये ९० हजार फ्रेम असतात. त्यांतील २५० सुटल्या आणि त्यांची भरपाई झाली नाही, तर चित्र आवाजाच्या तुलनेत १० सेकंदांनी पुढे सरकते. आजीने नातीला दिलेला आशीर्वाद मग भलत्याच पाहुण्याच्या तोंडी ऐकू येतो.

दोष कोणाचा, हे आधी ठरवा

फ्रेम सुटू लागल्या की अनेकजण लगेच नवा संगणक किंवा महागडे कार्ड घेण्याचा विचार करतात. खर्च करण्यापूर्वी एक सोपी चाचणी घ्यावी. कॅसेटमधील तीच दहा मिनिटे दोन वेळा संगणकावर घ्यावीत आणि फ्रेम कोणत्या मिनिटाला सुटल्या, याची नोंद ठेवावी. व्हर्च्युअलडबसारखी सॉफ्टवेअर सुटलेल्या फ्रेमचा आकडा चित्रण सुरू असतानाच दाखवतात.

दोन्ही वेळा त्याच जागी फ्रेम सुटत असतील, तर दोष बहुधा कॅसेटमध्ये किंवा व्हीसीआरमध्ये असतो. जागा दर वेळी बदलत असेल, तर संशय संगणकावर घ्यावा. खात्रीसाठी व्हीसीआरऐवजी कॅमेऱ्याचे थेट चित्र त्याच वायरीने संगणकाला द्यावे. ते सुरळीत आले, तर संगणक निर्दोष समजण्यास हरकत नाही.

संगणकाची बाजू

कोणतेही आकुंचन न करता घेतलेल्या चित्रणाला तासाला सुमारे ७५ गिगाबाइट जागा लागते. डीव्ही पद्धतीत हेच प्रमाण सुमारे १३ गिगाबाइट असते. ही माहिती अखंड लिहिली जावी, यासाठी चित्रण स्वतंत्र आणि पुरेशी मोकळी जागा असलेल्या हार्ड डिस्कवर साठवावे. कॅप्चरचे उपकरण हबला न जोडता थेट संगणकाच्या यूएसबी जोडणीत लावावे. त्या वेळेपुरते इंटरनेट तोडून अँटिव्हायरसची तपासणी थांबवावी आणि वीजबचतीची सोय बंद ठेवावी. डिस्क फॅट३२ पद्धतीची असल्यास ४ गिगाबाइटपेक्षा मोठी फाईल तिच्यावर मावत नाही, हेही ध्यानात ठेवावे. मध्येच वीज गेल्यास अर्धवट फाईल निकामी होऊ शकते. म्हणून संगणक यूपीएसवर असलेला बरा.

अमेरिकेतील नातेवाइकांनी पाठवलेल्या कॅसेट बहुधा एनटीएससी पद्धतीच्या असतात. त्यांचा वेग सेकंदाला सुमारे ३० फ्रेम असतो. कॅसेट एका पद्धतीची आणि सॉफ्टवेअरची मांडणी दुसऱ्या पद्धतीची असेल, तर सेकंदाला सुमारे पाच फ्रेमचा घोळ दिसतो. तेथे संगणकाचा काही दोष नसतो.

कॅसेटची बाजू

प्रत्येक फ्रेम कुठे सुरू होते, हे सांगणारा इशारा चित्रासोबत फितीवरच नोंदलेला असतो. फीत ताणली गेली, हेड मळले किंवा कॅसेट ही प्रतीवरून काढलेली प्रत असली, की हा इशारा डळमळतो. टीव्ही असे चित्र चालवून घेतो. संगणकाचे उपकरण मात्र तेवढे सोशिक नसते.

अशा वेळी कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन पुन्हा गुंडाळावी, ट्रॅकिंग जुळवावे आणि हेड जाणकाराकडून साफ करून घ्यावे. तरीही फरक न पडल्यास टाइम बेस करेक्टर लागतो. हे उपकरण डळमळीत इशारा दुरुस्त करून चित्र पुढे पाठवते. काही उच्च दर्जाच्या एस-व्हीएचएस यंत्रांत ते मुळातच असते. काही जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरमधून चित्र पुढे नेल्यासही बराच फरक पडतो.

फितीवर पांढरट बुरशी दिसत असेल, तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये मुळीच घालू नये. बुरशी हेडला चिकटते आणि नंतरच्या चांगल्या कॅसेटही बिघडवते. ओल्या फितीच्या बाबतीतही तीच काळजी घ्यावी.

काम दुकानात दिले, तरी किती फ्रेम सुटल्या, हे विचारण्याचा ग्राहकाला हक्क आहे. मिळालेली फाईल शेवटची पाच मिनिटे तरी पाहावी. आवाजाचा मेळ चुकला असेल, तर तो शेवटी सर्वांत जास्त जाणवतो. तोवर मूळ कॅसेट टाकून देण्याची घाई करू नये.