किती एचपी? आधी ओळीचं अंतर मोजा
पहिला ट्रॅक्टर निवडताना शोरूमपेक्षा शेतातलं विज्ञान जास्त उपयोगी पडतं

दसरा-पाडव्याला पिंपळगाव बसवंत, ओझर, दिंडोरीच्या रस्त्यांवर झेंडूच्या माळा घातलेले नवे ट्रॅक्टर दिसतात. पेढा हातात पडायच्या आत प्रश्न येतो, "किती एचपीचा घेतला?" पन्नासच्या जवळपासचा आकडा ऐकला की मान डोलते. चोवीस म्हटलं की "सुरुवातीला ठीक आहे" असा शेरा मिळतो. यंत्रशास्त्र मात्र या आकड्याला एवढा मान देत नाही. वर्षातून एकदा येणाऱ्या सर्वांत जड कामावर नजर ठेवून पहिला ट्रॅक्टर घेतला, तर उरलेलं वर्ष तो अडचणच करतो. वर्षभर पुन:पुन्हा करावं लागणारं काम कोणतं आणि ते किती रुंदीच्या जागेत करायचं आहे, यावर त्याचा आकार ठरायला हवा. जड काम भाड्याने करून घेता येतं.

२०१५-१६च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातली सरासरी वहिवाटीची जमीन १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकर आहे. एवढ्या रानात चुकीच्या मापाचं यंत्र उभं राहिलं, तर हप्ता फिटेपर्यंत ती चूक रोज दिसत राहते.

एक आकडा, तीन ताकदी

७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलायला लागणारी शक्ती म्हणजे एक मेट्रिक अश्वशक्ती. बरी बैलजोडी दिवसभर काम करताना साधारण एवढीच शक्ती देते. त्या हिशेबाने ४५ एचपीचा ट्रॅक्टर म्हणजे चाळीसहून अधिक बैलजोड्या व्हायला हव्यात. शेतात तसं होत नाही, कारण बॉनेटवरचा आकडा इंजिनाचा असतो.

इंजिनातून निघालेल्या शक्तीतला काही वाटा गिअर, पंप आणि घर्षणात जातो. मागच्या पीटीओ शाफ्टवर साधारण ८५ टक्के शक्ती पोहोचते. रोटाव्हेटर आणि फवारणीचा ब्लोअर फिरतात ते या शाफ्टवर. नांगर किंवा ट्रॉली ओढायची तर शक्ती टायरमधून मातीत उतरावी लागते. तिथे टायर घसरतं, माती दबते आणि भुसभुशीत रानात इंजिनाच्या शक्तीतली निम्म्याहून थोडीच जास्त हुकापर्यंत येते. म्हणून खरेदी करताना पीटीओचा आकडा मागावा. मध्य प्रदेशात बुदनी इथल्या केंद्र सरकारच्या संस्थेत ट्रॅक्टरच्या मॉडेलांची चाचणी होते. तिच्या अहवालात पीटीओची शक्ती, हुकाची ओढ, डिझेलचा खप आणि वजन हे सगळं मोजून लिहिलेलं असतं. रंगीत माहितीपत्रकापेक्षा तो अहवाल वाचावा.

नांगराचा हिशेब

निफाडच्या काळ्या रानात दोन फाळी पलटी नांगर चालवायचा आहे, असं धरू. रुंदी ६० सेंटिमीटर आणि खोली २० म्हटली, तर एका वेळी १,२०० चौरस सेंटिमीटर माती कापली जाते. बऱ्या ओलीत अशी भारी माती दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.८ किलो विरोध करते असं मानलं, तर एकूण ओढ ९६० किलो झाली. ताशी चार किलोमीटर वेगाने ही ओढ म्हणजे हुकावर १४ एचपी. मातीत जाणारी तूट आणि हाताशी ठेवायची थोडी जादा ताकद धरली, की इंजिन तीसहून अधिक एचपीचं लागतं. उन्हाळ्यात तडकलेल्या रानात विरोध दीडपट झाला, तर तोच आकडा पंचेचाळीसच्या पुढे जातो. विक्रेते दोन फाळी पलटीसाठी ४५-५० एचपी सांगतात त्याला असा आधार आहे.

पण ९६० किलो ओढायला नुसती शक्ती पुरत नाही, पकड लागते. पैलवान कितीही ताकदीचा असला, तरी निसरड्या फरशीवर त्याला साधी ढकलगाडीही हलत नाही. शेतात साधारणपणे ओढणाऱ्या चाकांवर जेवढा भार, त्याच्या ४० ते ५० टक्केच ओढ मिळते. म्हणजे या नांगरासाठी त्या चाकांवर दोन टनांच्या आसपास भार हवा. आठशे किलोचा मिनी ट्रॅक्टर चारही चाकांनी ओढत असला, तरी साडेतीनशे-चारशे किलोच्या पुढे जात नाही. त्यात मोठं इंजिन बसवलं, तर चाकं जागच्या जागी जोरात फिरतील, एवढंच.

घसरण मोजायला उपकरण लागत नाही. मागच्या चाकावर खडूने खूण करायची आणि औजार वर उचलून दहा फेऱ्यांत किती अंतर कापलं ते मोजायचं. मग औजार मातीत घालून पुन्हा दहा फेऱ्या. आधी १०० फूट आणि नंतर ८५ भरलं, तर घसरण १५ टक्के आहे आणि ती चालण्याजोगी आहे. २० टक्क्यांच्या पुढे गेली, की डिझेल आणि टायर दोन्ही मातीत जाऊ लागतात.

वजनाची ही अडचण हॅरी फर्ग्युसनने ओळखली होती. तीन सांध्यांनी औजार ट्रॅक्टरला जोडण्याच्या त्याच्या पद्धतीत नांगरावर पडणारा मातीचा भार मागच्या चाकांवर येतो, त्यामुळे हलका ट्रॅक्टरही जास्त ओढतो. १९३९मध्ये फोर्डबरोबर त्याने बाजारात आणलेला ट्रॅक्टर होता जेमतेम हजार-अकराशे किलोचा आणि ताकद साधारण आजच्या मिनी ट्रॅक्टरएवढी. अमेरिकेतल्या हलक्या जमिनींत तो दोन फाळी नांगर ओढत असे. आज आपल्या जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे तीच तीन सांध्यांची जोडणी असते. काळ्या मातीचा विरोध मात्र तिनेही कमी होत नाही.

बागेतलं खरं काम: ब्लोअर

द्राक्षबागेत नांगर लागतो तो बाग लावण्यापूर्वी. एकदा अँगल उभे राहिले आणि तारा ताणल्या, की पुढची कित्येक वर्षं काम असतं फवारणीचं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर आणि विशेषतः ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर डाऊनी, भुरी या रोगांच्या मागे ब्लोअर पुन:पुन्हा फिरतो.

त्याचा हिशेब नांगराच्या उलट आहे. ६०० लिटरचा भरलेला ब्लोअर टाकीसकट एक टनाच्या आसपास जातो. मऊ मातीत त्याला ओढायला सुमारे शंभर किलोची ओढ लागते, म्हणजे दीड एचपी. खरा खर्च पंख्याचा, तो दहा-पंधरा एचपी सहज घेतो. म्हणजे पीटीओवर अठरा-वीस एचपी देणारा ट्रॅक्टर इथे पुरतो.

पंख्याचा एक नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. त्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेरे दहा टक्के वाढवले, की शक्ती ३३ टक्के जास्त लागते. वीस टक्के कमी केले, की निम्म्यावर येते. छाटणीनंतर पाला कोवळा आणि विरळ असताना पंखा पूर्ण वेगाने फिरवणं म्हणजे डिझेल हवेत उडवणं. दोन वेगांचा गिअर असलेला ब्लोअर घेतला, तर पंप नेहमीच्या ५४० फेऱ्यांवर ठेवून पंखा हळू चालवता येतो.

आता रुंदी. दोन ओळींत नऊ फूट अंतर असलं, तरी वाय पद्धतीत ओलांडे आणि काड्या दोन्ही बाजूंनी आत झुकतात, घड लागले की आणखी. पन्नासच्या जवळचा ट्रॅक्टर पावणेसहा-सहा फूट रुंद असतो. मिनी ट्रॅक्टर साडेतीन फुटांच्या आसपास असतो आणि ओळीच्या टोकाला ताणाच्या तारा चुकवून एका दमात वळतो. मोठ्याला मागेपुढे करावं लागतं. मांडवाखाली उंचीही पाहावी लागते: सायलेन्सर उभा आहे की आडवा, मागचा संरक्षक सांगाडा दुमडतो की नाही. मापायची टेप घेऊन बागेत जावं आणि सर्वांत अरुंद, सर्वांत खालची जागा मोजावी. शोरूममध्ये जायची पाळी त्यानंतर.

चाकाखालची मुळं

मोठ्या ट्रॅक्टरमुळे होणारं खरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणापासून झालेल्या आपल्या मातीत फुगणाऱ्या चिकणमातीचं प्रमाण मोठं. ओली असताना ती मऊ, सुकली की दगडासारखी. वापसा येण्याआधी चाक गेलं, तर मातीतल्या पोकळ्या मिटतात आणि हवा-पाणी खाली उतरत नाही. दाब वरच्या थरात किती बसतो हे टायरमधल्या हवेवर आणि रुंदीवर ठरतं. तो किती खोल जातो हे मुख्यतः अॅक्सलवरच्या एकूण भारावर ठरतं. त्यामुळे रुंद टायर लावून खोलवरचा दाब टळत नाही.

सर्वांत जास्त दबाई पहिल्याच फेरीत होते. बागेत चाकाची वाट ठरलेली असते आणि पावसाळी हवेत रोग वाढला, की वापसा येण्याची वाट बघत बसता येत नाही. अशा वेळी आठशे किलो आणि दोन टन यांतला फरक थेट मुळांना सोसावा लागतो.

वापशाचा मुद्दा मोठ्या ट्रॅक्टरच्या बाजूनेही लागू होतो. काम उरकायचे दिवस थोडे असतात. साडेतीन फुटी रोटाव्हेटर ताशी तीन किलोमीटरने चालला, तर वळणांचा वेळ धरून एकराला दीड-पावणेदोन तास लागतात. पाच एकर एका दिवसात होतात. वीस एकर असतील, तर चार दिवस लागतात आणि तेवढ्यात माती सुकून ढेकळं निघू लागतात. क्षेत्र मोठं असेल, तिथे मोठ्या ट्रॅक्टरचं समर्थन खरोखर होतं.

रान फोडायचं असेल तर

"पड जमीन मोडायची आहे, म्हणून मोठा घेतो," हा युक्तिवाद पेठ-सुरगाण्याकडच्या डोंगरउतारावर आणि सिन्नर-नांदगावच्या माळावर नेहमी ऐकू येतो. वेडी बाभूळ, घाणेरी, मुरूम, धोंडे. हे काम शेतीच्या ट्रॅक्टरचं नाहीच. ते सात-आठ टनांच्या जेसीबीचं किंवा पोकलेनचं आहे आणि ते तासावर मिळतं. काही दिवसांत रान साफ होतं आणि पुन्हा ते काम येत नाही.

देशाने हा धडा फार पूर्वी घेतला आहे. मध्य भारतात कांस गवताने लाखो एकर जमीन गिळली होती. त्याची मुळं बैलाच्या नांगराला दाद देत नसत. ती फोडण्यासाठी केंद्र सरकारने केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी केली आणि १९४९मध्ये जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरचं कर्ज घेतलं. स्वतंत्र भारताच्या अगदी सुरुवातीच्या परकीय कर्जांपैकी ते एक होतं. अवजड यंत्रं संघटनेची होती, जमीन साफ झाल्यावर शेतकऱ्याने आपल्या औजारांनी ती कसली. आजची गावोगावची, भाड्याने यंत्रं देणारी अवजारे बँक ही त्याचीच लहान आवृत्ती म्हणता येईल.

ट्रॅक्टरला साखळी बांधून बुंधे उपटण्याचा मोह मात्र आवरावा. बुंधा हलत नसेल आणि मागची चाकं अडकली असतील, तर इंजिनाचा पीळ चाकांऐवजी ट्रॅक्टरचं धूडच मागे फिरवू लागतो. साखळी जितकी उंच बांधली, तितकं पुढचं नाक लवकर उचलतं. टॉप लिंकच्या जागी बांधली, तर ट्रॅक्टर सेकंदभरात चालकावर उलटू शकतो. क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. ओढायचंच असेल तर नेहमी खालच्या हुकालाच.

तालुका बदलला की उत्तर बदलतं

लासलगावच्या बाजूला कांदा, मका, सोयाबीन घेणाऱ्याला ओळीची अडचण नाही, पण ट्रॉली आहे. चार-पाच टनांची भरलेली ट्रॉली आठशे किलोच्या ट्रॅक्टरला सपाटीवर कदाचित ओढता येईल. उतारावर मात्र तीच ट्रॅक्टरला ढकलते आणि ब्रेक लावला, की दोन्ही घडी पडल्यासारखे वळतात. तिथे ४० ते ५० एचपीचा, दोन टनांचा ट्रॅक्टर योग्य. पन्नासच्या पुढे जाण्याआधी एक गोष्ट पाहावी: जानेवारी २०२३पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे कडक निकष लागू झाले आणि त्यासाठीची इंजिनं महाग झाली. बाजारात ४९ एचपीची एवढी मॉडेलं दिसतात, ती त्यामुळेही.

इगतपुरी-त्र्यंबकेश्वरच्या भाताच्या लहान खाचरांत चिखलणीला जड ट्रॅक्टर रुततो. तिथे पॉवर टिलर किंवा हलका फोर-व्हील ड्राइव्ह मिनी पुरतो. दिंडोरी-निफाडच्या पाच-सहा एकर द्राक्षासाठी अरुंद, फोर-व्हील, २४ ते २८ एचपी हे माप बसतं. मागे टाकी बसवायची असेल, तर पुढच्या चाकांवर निदान एकूण वजनाचा पाचवा हिस्सा राहिला पाहिजे. नाहीतर स्टिअरिंग फिरतं आणि ट्रॅक्टर सरळ जातो. त्यासाठी पुढची वजनं घेऊन ठेवावीत.

महाडीबीटीवर अनुदानाचा अर्ज भरण्याआधी एका कागदावर वर्षातली कामं, प्रत्येकाचे तास आणि प्रत्येकाला लागणारी रुंदी लिहून काढा. ज्या कामाचे तास सर्वांत जास्त, त्याच्या मापाचा ट्रॅक्टर घ्या. ज्या कामाचे तास बोटांवर मोजण्याएवढे, त्याला भाडं द्या. आणि सौदा करण्याआधी विक्रेत्याला सांगा, ट्रॅक्टर आधी माझ्या बागेत आणून, पाण्याने भरलेला ब्लोअर जोडून, शेवटच्या ओळीच्या टोकाला वळवून दाखवा.