कापूस आणि काडी

पुलगावची सोयरीक कुणी जुळवली कोण जाणे. एका अंगाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची, आता बंद पडलेली कापडगिरणी. दुसऱ्या अंगाला देशातल्या सर्वांत मोठ्या दारूगोळा भांडारांपैकी एक, ज्याला गाव नुसतं 'डेपो' म्हणतं. गांधीजींचं सेवाग्राम याच वर्धा जिल्ह्यात, त्यामुळे इथे दारूबंदी. म्हणजे दारू बंद, दारूगोळा सुरू!

रेल्वे स्टेशनही तसंच. मुंबई-हावडा मार्गावर पाच फूट सहा इंचांच्या रुळांवरून धडधडत जाणाऱ्या मेल, आणि त्यांच्या शेजारी आर्वीला जाणारी अडीच फुटी रुळांची छोटी गाडी. पस्तीसेक किलोमीटरचा प्रवास ती निवांत करायची. आता तीही थांबली.

अशा गावात वाढलेल्या माणसाला 'न जमणारी जोडी' असलेले मारधाडीचे विनोदी सिनेमे आवडले नाहीत तरच नवल. एक शिस्तीचा, एक वाह्यात. एक गोळी झाडणारा, एक गोळीचा आवाज ऐकून खाटेखाली जाणारा. पहिला अर्धा तास आपल्या मागच्या रांगेतून हमखास एक शंका येते, "अबे, हा त्याच्या संग राह्यतेच कायले?" सिनेमा उभा असतो तो या 'कायले'वर. चोर, हिरे, तस्करी हे सगळं तोंडी लावायला.

परदेशात या प्रकाराचा गल्ला वाजला तो 1982च्या '48 अवर्स'पासून. चिडका पोलीस निक नोल्टी, आणि त्याने अठ्ठेचाळीस तासांसाठी तुरुंगातून उसना आणलेला बडबड्या कैदी एडी मर्फी. मर्फीचा हा पहिलाच सिनेमा! पण त्याच्याही तेहतीस वर्षं आधी जपानमध्ये कुरोसावाने 'स्ट्रे डॉग' काढला होता. नवख्या पोलिसाचं पिस्तूल बसमध्ये चोरीला जातं आणि एक मुरलेला, हवालदिल न होणारा अधिकारी त्याला घेऊन उन्हातान्हात ते शोधत फिरतो. ते ऊन पडद्यावर पाहताना वर्ध्याच्या माणसाला वेगळं काही सांगावं लागत नाही.

आणि त्याच्याही आधी? कालिदासाचं 'शाकुंतल'. दुष्यंत शिकारीच्या नादात, आणि दुसऱ्या अंकात त्याचा विदूषक मित्र माधव्य या रानोमाळ भटकण्याने सांधे धरले म्हणून कुरकुरतोय. राजा पराक्रमी, मित्र खादाड. विदर्भातल्या छोट्या गाड्यांना लोकांनी लाडाने 'शकुंतला' म्हटलं. त्यांच्या वेगाने जाताना माधव्याची कुरकुर कुठल्याही प्रवाशाला पाठ झाली असती.

आपल्याकडचं 1975 हे वर्ष तर जोड्यांचंच. 'शोले'त अबोल जय आणि तोंडाळ वीरू. त्याच वर्षी दादा कोंडक्यांचा 'पांडू हवालदार'. साधाभोळा पांडू, आणि त्याच्या जोडीला अशोक सराफांचा हात ओले करून घेणारा सखाराम. वर्दी एकच, आतली माणसं दोन तऱ्हेची. पुढे 'पांडू' हे नाव हवालदाराला असं चिकटलं की निघता निघेना. पोलिसांना ते मुळीच आवडत नाही, तेव्हा नाक्यावर जपून.

पण मराठीतला खरा कारखाना महेश कोठारेंचा. त्यांची सुरुवातच गमतीची आहे. 1968च्या 'राजा और रंक'मध्ये बालकलाकार म्हणून राजपुत्रही तेच आणि गरीब पोरगाही तेच. न जमणारी जोडी, आणि दोन्ही भूमिका एकट्याने! मोठेपणी त्यांनी वकिलीही केली. मग 1985ला 'धूमधडाका'पासून दिग्दर्शन, आणि सोबतीला लक्ष्मीकांत बेर्डे, म्हणजे आपला लक्ष्या.

इंग्रजी सिनेमात दोघेही गडी तुल्यबळ असतात. एक वेडा, एक शहाणा, पण मारामारी दोघांना येते. कोठारेंच्या सिनेमात मारामारी महेशला येते आणि शिट्ट्या लक्ष्याला पडतात. हिरोने मोटारसायकलवरून कितीही उड्या मारू देत, पब्लिकचे डोळे लक्ष्याच्या थरथरत्या हनुवटीवर. मला विचाराल तर आमची ही वाटणी जास्त खरी आहे. भांडण लागलं की आपल्यातले बहुतेक जण लक्ष्याच असतात.

1993च्या 'झपाटलेला'त तर जोडीत तिसराच घुसला. पोलिसाच्या गोळीने मरता मरता बाहुल्यात शिरलेला गुंड तात्या विंचू. बाहुला रामदास पाध्यांचा. लक्ष्या जिवाच्या आकांताने सांगतोय, बाहुला जिवंत आहे, आणि जग त्याला वेड्यात काढतंय. भित्र्यालाच खरं दिसतं, ही यातली मोठी मजा.

जोडी जमली हे कळतं कधी? 1989च्या 'लीथल वेपन 2'मध्ये म्हातारा होत चाललेला पोलीस संडासात बसतो आणि लक्षात येतं, खाली बॉम्ब आहे. उठलं की स्फोट. त्याचा माथेफिरू साथीदार पळून जाऊ शकतो. जात नाही. शेजारी बसून राहतो. प्रेमाची कबुली द्यायला यापेक्षा अवघडलेली जागा सिनेमाने अजून शोधलेली नाही.

अर्थात स्फोट ही पुलगावात चेष्टेची गोष्ट नाही. 31 मे 2016च्या त्या रात्री डेपोतल्या आगीत जवान आणि आग विझवायला धावलेली माणसं गेली. तेही एकमेकांना सोडून पळाले नव्हते.

पुन्हा सिनेमाकडे. 'लीथल वेपन' मालिकेतला पहिला सिनेमा आला 1987ला. त्याच वर्षी कोठारेंचा 'दे दणादण'. त्यात पोलीस लक्ष्याला अचाट ताकद मिळते. अडचण एकच, लाल रंग दिसला की ताकद गायब. आता या लक्ष्याची बदली पुलगावला झाली असं समजा. स्टेशनवर लाल सिग्नल, गार्डची लाल झेंडी. बाहेर यावं तर समोर एसटीची लाल परी. डेपोच्या कुंपणावर धोक्याची लाल पाटी. बाजारात पथारीवर वाळक्या मिरच्यांचा ढीग. बिचारा दिवसभर खाटेखालीच, आणि महेश आपला चादर घेऊन गावभर लाल झाकत फिरतोय.