शंभर सीसीची निगा : ट्यूनिंग म्हणजे केवळ स्क्रू फिरवणे नव्हे!

नागोठणे : रोहा तालुक्यातील नागोठणे हे मुंबई-गोवा महामार्गावरील महत्त्वाचे गाव. उत्तरेस वडखळ आणि पेण, दक्षिणेस सुकेळीची खिंड ओलांडून कोलाड, तर जवळच्या वाकण फाट्यावरून पाली-खोपोलीकडे जाणारा रस्ता. इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशनचा (आयपीसीएल) प्रकल्प १९९० च्या सुमारास येथे उभा राहिला आणि २००७ मध्ये ही कंपनी रिलायन्समध्ये विलीन झाली. सुकेळीच्या पाइप कारखान्यापासून रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीपर्यंत पसरलेल्या या पट्ट्यात कामाच्या पाळ्या रात्रंदिवस चालतात. पाळीच्या वेळेला एसटी वा रेल्वे जुळेलच असे नाही. त्यामुळे शंभर सीसीची मोटारसायकल ही येथे हौस नसून रोजीरोटीचे साधन आहे.

हे साधन नीट ठेवायचे कसे, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. हिशेब मांडला की त्याचे मोल ध्यानात येते. रोज चाळीस किलोमीटर आणि महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे एक हजार किलोमीटर. लिटरला ६० किलोमीटर धावणारी गाडी दुर्लक्षामुळे ४५ वर आली, तर महिन्याला साडेपाच लिटर पेट्रोल जादा जळते. लिटरला शंभर रुपये धरले, तरी वर्षाकाठी सहा हजारांहून अधिक रुपये धुरात जातात. पगारदार कामगाराच्या घरात ही रक्कम लहान नाही.

चार स्ट्रोकचा वारसा

भारतात या वर्गातील गाड्यांचे युग सुरू झाले ते हीरो होंडाच्या सीडी १०० या गाडीने. ती १९८५ मध्ये आली. त्याच वर्षी आलेली यामाहा आरएक्स १०० ही दोन स्ट्रोकची गाडी वेगासाठी गाजली. सीडी १०० ने मात्र ॲव्हरेजच्या बळावर घराघरांत प्रवेश केला. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली. पुण्याच्या बजाज कंपनीने कावासाकीच्या साह्याने फोर एस चॅम्पियन आणली. पुढे २००४ मध्ये सीटी १०० आणि २००६ मध्ये प्लॅटिना बाजारात आली. सुमारे आठ अश्वशक्तीचे, हवेने थंड होणारे, एका सिलिंडरचे साधे इंजिन हा या साऱ्यांचा गाभा. साधेपणामुळे ते टिकते. मात्र निगेची अपेक्षा तेही करतेच.

ट्यूनिंग सर्वांत शेवटी

गाडी पेट्रोल जास्त खाऊ लागली की प्रथम आठवतो तो कार्ब्युरेटरचा स्क्रू. हा क्रम उलटा आहे. हवेचा फिल्टर धुळीने भरला असेल, तर इंजिनाला हवा कमी मिळते व मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. अशा स्थितीत स्क्रू फिरवून केलेली जुळवणी फिल्टर बदलताच चुकीची ठरते. महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचे रुंदीकरण २०११ मध्ये सुरू होऊन वर्षानुवर्षे रेंगाळले. त्या काळात या भागातील गाड्यांनी किती धूळ गिळली असेल, याची कल्पनाच केलेली बरी. फोमचा फिल्टर धुता येतो. कागदी फिल्टर धुवू नये, तो बदलावा.

त्यानंतर पाळी स्पार्क प्लगची. प्लगच्या टोकाचा रंग हा इंजिनाच्या प्रकृतीचा आरसा होय. तपकिरी रंग म्हणजे ज्वलन योग्य. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढुरकी छटा म्हणजे हवा जास्त आणि इंजिन गरम होण्याचा धोका. मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हमधील फट. ती मिलिमीटरच्या काही शतांशांइतकीच असते व इंजिन पूर्ण थंड असताना फीलर गेजने मोजावी लागते. फट वाढली तर टकटक आवाज येतो. तो निदान इशारा तरी देतो. फट नाहीशी झाली तर आवाज होत नाही, पण व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि हळूहळू जळतो. म्हणून 'आवाज बंद करून द्या' असा हट्ट मेकॅनिकपाशी धरू नये.

घासणारा ब्रेक, कोरडी किंवा अति ताणलेली चेन आणि कमी हवेचे टायर हेही ॲव्हरेजचे छुपे शत्रू. गाडी मधल्या स्टँडवर लावून मागचे चाक हाताने फिरवावे. ते मोकळे फिरत नसेल, तर कार्ब्युरेटरला दोष देण्यात अर्थ नाही.

एवढे झाल्यावरच ट्यूनिंगला हात घालावा. इंजिन पाच-दहा मिनिटे चालवून गरम करावे. स्लोचा स्क्रू, म्हणजे इंजिनाचा मंद वेग ठरवणारा स्क्रू, थोडा वाढवावा. मग मिश्रणाचा स्क्रू सावकाश फिरवत इंजिनाचा वेग जेथे सर्वाधिक व स्थिर होतो ती जागा शोधावी. त्यानंतर स्लो पुन्हा खाली आणावा. बहुतेक शंभर सीसी गाड्यांत तो मिनिटाला सुमारे १४०० फेऱ्यांचा असतो. येथे एक बारकावा आहे. काही कार्ब्युरेटरमध्ये हा स्क्रू हवा नियंत्रित करतो. तो आत फिरवला की पेट्रोलचे प्रमाण वाढते. काहींत तो पेट्रोल नियंत्रित करतो; तेथे परिणाम नेमका उलटा. आपल्या गाडीत कोणता आहे हे जाणल्याशिवाय पेचकस उचलू नये. शिवाय या स्क्रूचा अंमल मुख्यतः मंद वेगावरच चालतो. भरधाव वेगातील मिश्रण सुई आणि मुख्य जेट ठरवतात.

या जुळवणीची परीक्षा पीयूसी केंद्रावर होते. ३१ मार्च २००० नंतर बनलेल्या आणि भारत स्टेज चारच्या आधीच्या दुचाकींना मंद वेगावर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के आहे. कागद मिळाला की समाधान मानण्याऐवजी त्यावरील आकडा पाहावा. तो मर्यादेच्या जवळ असेल, तर पेट्रोल वाया जात आहे असे समजावे.

नव्या गाडीला पेचकस नको

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे निकष लागू झाले आणि या वर्गातील बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटरची जागा इंधन इंजेक्शनने घेतली. येथे मिश्रण संगणक ठरवतो. ऑक्सिजन सेन्सर धुरातील प्राणवायू मोजतो आणि त्यानुसार पेट्रोलची मात्रा बदलते. मालकाने करायचे ते इतकेच, की फिल्टर, प्लग व बॅटरी चांगली ठेवावी, इशारा देणारा दिवा लागला तर दुर्लक्ष करू नये आणि टाकी तळाला जाईपर्यंत गाडी दामटू नये. टाकीतील पंप पेट्रोलनेच थंड राहतो.

पेट्रोलही आता बदलले आहे. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आले. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असल्याने या मिश्रणाच्या एका लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा घटते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत मिश्रण किंचित हवेकडे झुकते, तसेच रबरी नळ्या व सील लवकर कडक होऊ शकतात. त्या वेळोवेळी तपासाव्यात. इथेनॉल पाणी ओढून घेते. कोकणच्या दमट हवेत गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तर ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

पुरात बुडालेली गाडी

अंबा नदीच्या काठच्या नागोठण्याला पूर नवा नाही. जुलै १९८९ मधील अंबेचा प्रलय या खोऱ्यातील लोक अजून विसरलेले नाहीत. पुरात गाडी बुडाल्यास सर्वांत मोठी चूक म्हणजे पाणी ओसरताच किक मारणे किंवा सेल्फचे बटण दाबणे. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही. त्याऐवजी कनेक्टिंग रॉड वाकतो. प्रथम बॅटरीची तार काढावी. प्लग काढून किक सावकाश दाबावी, म्हणजे पाणी बाहेर येईल. ऑइल काढून पाहावे. ते दुधी दिसले तर पाणी शिरले आहे. अशा वेळी ऑइल दोनदा बदलणे शहाणपणाचे. कार्ब्युरेटरची वाटी व टाकीही रिकामी करावी.

पाण्यातून गाडी नुसती नेली, तरी ड्रम ब्रेकमध्ये पाणी शिरते आणि काही काळ ब्रेक लागत नाहीत. पलीकडे गेल्यावर कमी वेगात ब्रेक हलके दाबून ते कोरडे करावेत. सुकेळीच्या उतारावर पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी सोडण्याची सवय तर जिवावर बेतणारी. गिअरमध्ये असलेले इंजिन स्वतःच वेगाला आवर घालते. तो आधार सुटला की सारा भार तापलेल्या ब्रेकवर येतो.

'ट्यूनिंग' या नावाखाली मूळ सायलेन्सर काढून कर्कश नळकांडे बसवण्याची हौसही अंगाशी येते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार विनापरवाना बदलांसाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मिश्रण बिघडून ॲव्हरेज घसरते, ते वेगळेच. नोंदणीला पंधरा वर्षे झाली की पेणच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात गाडी तपासूनच पाच वर्षांचे नूतनीकरण मिळते, हेही विसरून चालणार नाही.

थोडक्यात, वेळेवर ऑइल, स्वच्छ फिल्टर, योग्य टॅपेट, मोकळे चाक आणि सर्वांत शेवटी पेचकस हा क्रम पाळावा. पावसाळ्यापूर्वी एक दिवस आणि पावसाळ्यानंतर एक दिवस गाडीसाठी राखून ठेवला, तर रात्रपाळी संपवून निघालेला कामगार मध्येच अडकून न पडता वेळेत घरी पोहोचेल.