काळे ऑइल आणि फिरते भांडे

कला शाखेच्या विद्यार्थिनीने यंत्राविषयी लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. वार्षिक अंकासाठी काही देते म्हटल्यावर आमच्या सरांनीही प्रथम "कविता आहे का?" असेच विचारले. पण मी ज्या घरात वाढले तिथे कवितेपेक्षा ऑइल अधिक आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला वडिलांचे ट्रक-टेम्पो दुरुस्तीचे गॅरेज आहे. वडील सातवीपर्यंत शिकले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच, आणि माझी फी ऑइलने माखलेल्या हातांनीच मोजली गेली आहे. तेव्हा त्या ऑइलचे पुढे काय होते, हा प्रश्न मला कधी ना कधी पडणारच होता.

तो पडला मागच्या पावसाळ्यात. गॅरेजच्या मागे गाड्यांतून काढलेल्या जळक्या ऑइलचे पिंप उघडे राहिले होते. रात्रभर पाऊस कोसळला. पाणी जड, म्हणून ते पिंपाच्या तळाशी जात राहिले. आणि ऑइल हलके, म्हणून तेवढे वरून ओसंडत राहिले. सकाळी उतारावरून विहिरीपर्यंत इंद्रधनुष्याच्या रंगाचा तवंग पसरला होता. त्या दिवसापासून आईने पिण्याचे पाणी पलीकडच्या वाडीतून आणायला सुरुवात केली, ते थेट दिवाळीपर्यंत. वडील त्याबद्दल कोणाशी एक अक्षर बोलले नाहीत.

एरवी हे काळे ऑइल आमच्याकडे वाया जाते असे नाही. वाळवी लागू नये म्हणून ते गोठ्याच्या खांबांना फासतात. काँक्रीट चिकटू नये म्हणून सेंटरिंगच्या फळ्यांना लावायला गवंडी डबा भरून नेतात. उरलेले भंगारवाला लिटरच्या भावाने घेऊन जातो. तो ते कुठे नेतो, कशात जाळतो की गाळून पुन्हा डब्यात भरून विकतो, हे आम्ही कधी विचारले नाही आणि त्यानेही कधी सांगितले नाही.

गणपतीला माझा मामा रजेवर आला होता. तो मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये ऑइलर आहे. विहिरीची हकिकत ऐकून तो म्हणाला, "अगो बाय, आमच्या जहाजावर मोठ्या इंजिनाचं ऑइल असं काढून टाकीत नाहीत. वर्षानुवर्षं तेच चालतं. कमी झालं की वरून भर घालायची, आणि रात्रंदिवस फिरवून साफ करीत राहायचं."

"फिरवून? गाळून नाही?"

"गाळणी असते. पण खरं काम फिरवण्याचं."

त्या फिरवण्याचा मी पुढे चार महिने पिच्छा पुरवला. काही मामाकडून समजले, काही ग्रंथालयातल्या पुस्तकांतून, आणि गणिताचा भाग आमच्याच महाविद्यालयातील भौतिकशास्त्राच्या सरांनी तपासून दिला. प्रथम मला वाटले होते की हे ताक घुसळण्यासारखे असावे. तशी उपमा देण्याचा मोहही होतो. पण ती चूक आहे. रवी लोण्याचे कण एकमेकांवर आपटून त्यांचा गोळा करते. सेंट्रिफ्यूज, म्हणजे केंद्रोत्सारक यंत्र, कशालाच घुसळत नाही. जे काम जमिनीचे गुरुत्वाकर्षण संथपणे करीत असते, तेच ते घाईने करते.

आमच्या पिंपात काय घडले ते आठवा. पाणी आपोआप खाली गेले. तसेच लोखंडाचा कीस, धूळ, वाळूचे कण हेही ऑइलमध्ये हळूहळू खाली बसतात. किती हळू, याचा नियम जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ साली मांडला. कण आणि तेल यांच्या घनतेत जितका फरक जास्त, तितका कण लवकर बसतो. तेल जितके घट्ट, तितका तो रेंगाळतो. थंडीत काकवी बाटलीतून उतरत नाही आणि चुलीजवळ ठेवली की धावते, तसेच हे. पण सर्वांत महत्त्वाचा भाग कणाच्या आकाराचा. कणाचा व्यास निम्मा झाला तर त्याचा वेग निम्मा होत नाही, चौथा हिस्सा होतो. एकदशांश झाला तर वेग शंभरावा हिस्सा. हा वर्ग पुढे आपल्याला नडणार आहे, म्हणून लक्षात ठेवावा.

आता पाण्याने भरलेली बादली हातात धरून गरगर फिरवली तर ती डोक्यावर उलटी आली तरी पाणी सांडत नाही, हे प्रत्येकाने लहानपणी करून पाहिलेले असते. पाणी जणू बादलीच्या बुडाशी दाबले जाते. हीच केंद्रोत्सारी प्रेरणा. वीस सेंटिमीटर व्यासाचे भांडे मिनिटाला ६,००० फेरे या वेगाने फिरवले, तर त्याच्या कडेला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ४,००० पट ओढ निर्माण होते. म्हणजे पिंपात ज्या गाळाला खाली बसायला पुरा दिवस लागतो, त्याला तेवढेच अंतर या ओढीने कापायला हिशेबाने बावीस सेकंदांच्या आतबाहेर लागतील. सरांनी हा आकडा दोनदा तपासला.

मौज अशी की हे यंत्र तेलासाठी जन्मलेच नाही. स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हालने १८७८ साली ते दुधातून साय वेगळी काढण्यासाठी बनवले, आणि १८८३ मध्ये स्टॉकहोमला त्यासाठी कंपनी काढली. तीच आजची आल्फा लाव्हाल. पुण्याजवळ दापोडीला तिचा कारखाना आहे. पहिल्या यंत्राचे भांडे आतून रिकामे होते. त्यात खरी सुधारणा सुचली ती क्लेमेन्स फॉन बेख्टोल्सहाइम या जर्मन माणसाला. त्याने १८८८ साली भांड्यात नरसाळ्याच्या आकाराच्या पातळ चकत्यांची चळत बसवण्याचे पेटंट घेतले आणि द लाव्हालच्या कंपनीने ते लगोलग विकत घेतले.

या चकत्यांनी काय साधले? लग्नाच्या पंगतीसाठी एकात एक घालून ठेवलेली द्रोणांची चळत डोळ्यांपुढे आणावी. ती पालथी घातली आणि दोन द्रोणांमध्ये जेमतेम अर्ध्या ते एक मिलिमीटरची फट ठेवली की झाली चकत्यांची चळत. तेल या फटींतून कडेकडून मध्याकडे सरकते. जाताना त्यातला जड कण बाहेरच्या बाजूला ओढला जातो, आणि मिलिमीटरभर अंतर गेला की वरच्या चकतीच्या पोटाला टेकतो. तिथून तो घसरत भांड्याच्या कडेला जाऊन पडतो. कणाने कापायचे अंतरच कमी केले! मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडलेली युक्ती ही. वेग वाढवायला लोखंड मजबूत लागते. अंतर कमी करायला नुसते डोके लागले.

मामाच्या जहाजावर या यंत्राला प्युरिफायर म्हणतात. त्यातून इंजिनाचे वंगण तेल फिरते, तसेच जाळायचे जड इंधन तेलही. इंधन तेल घट्ट असते, म्हणून ते आधी सुमारे ९८ अंश सेल्सियसपर्यंत तापवतात. त्यापलीकडे नाही, कारण पाणी उकळले की सगळा खेळ बिघडतो. खेळ असा की, प्रथम भांड्यात थोडे पाणी सोडतात. ते कडेला जाऊन उभे राहते आणि पाण्याच्या वाटेला बूच बसते. मग तेल सोडायचे. पाण्याच्या भिंतीमुळे तेल त्या वाटेने निसटू शकत नाही. ते मध्याच्या वाटेने स्वच्छ होऊन बाहेर पडते आणि तेलातून निघालेले पाणी कडेच्या वाटेने. पाणी आणि तेल यांची सीमा कुठे राहावी, हे एका कड्याच्या मापावर ठरते, आणि ते कडे तेलाच्या घनतेप्रमाणे निवडावे लागते. माप मोठे झाले तर तेल पाण्याबरोबर वाहून जाते, लहान झाले तर पाणी तेलात शिरते. कडेला साचलेला गाळ बाहेर टाकण्यासाठी भांडे फिरत असतानाच क्षणभर तळाशी उघडते आणि मिटते.

मामाने याचा एक किस्सा सांगितला. नवखा असताना त्याने प्युरिफायर साफ करून पुन्हा जोडला, तेव्हा एक रबरी रिंग खाचेत नीट बसली नव्हती. रात्रभर चांगले तेल गाळाच्या टाकीत जात राहिले. सकाळी चीफ इंजिनियरने त्याला सगळ्यांसमोर बोलावले, ओरडला नाही, फक्त टाकीची पातळी वाचायला लावली. तेव्हापासून मामा ती रिंग बोटाने दोनदा चाचपतो. भांड्याची मोठी रिंग उलट्या आट्यांची असते, खुणेला खूण जुळलीच पाहिजे, आणि एका भांड्याचा भाग दुसऱ्याला लावायचा नाही. कारण हजारो फेऱ्यांच्या वेगात थोडासा तोल गेला तरी जीवाशी गाठ. बटण बंद केल्यावर भांडे पूर्ण थांबेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही, हे तो मला अशा आवाजात सांगत होता की जणू मीच उद्या जहाजावर चढणार आहे.

हे सारे ऐकल्यावर माझ्या मनात एकच आले. असे एक लहानसे यंत्र आमच्या गॅरेजात का नको? वडील म्हणाले, "तू आधी शोध, मग बघू."

मी काचेच्या बाटलीत ट्रकचे जळके ऑइल भरून महिनाभर खिडकीत ठेवले. तळाशी बोटभर पाणी व थोडा गाळ जमला. पण वरचे ऑइल काळे ते काळेच राहिले. इथे स्टोक्सचा वर्ग नडतो. डिझेल इंजिनातली काजळी फार बारीक असते. शिवाय ती एकत्र येऊन बसू नये, तेलातच तरंगत राहावी, अशी द्रव्ये इंजिन ऑइलमध्ये मुद्दाम घातलेली असतात. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. लोखंडाचा कण दहा मायक्रॉनचा धरला आणि काजळीचा एक दशांश मायक्रॉनचा, तर आकारात शंभरपट फरक. म्हणजे बसण्याच्या वेगात दहा हजारपट. काजळी लोखंडापेक्षा हलकी, तो तोटा आणखी वेगळाच. चार हजारपट ओढ कमावली खरी, पण ती सगळी इथेच खर्ची पडली.

आणि जे तेलात विरघळलेच आहे, त्याचे काय? इंजिनात गळून मिसळलेले डिझेल, उष्णतेने तेल सडून झालेली आम्ले, ही गिरकीने वेगळी होत नाहीत. साखर विरघळलेला चहा कितीही फिरवला तरी साखर निराळी होणार नाही. तसेच संपून गेलेली संरक्षक द्रव्ये यंत्र परत आणू शकत नाही. म्हणून जळक्या ऑइलचे पुन्हा मूळ तेल करायचे तर त्याचे पुनःशुद्धीकरण करावे लागते: आधी पाणी आणि हलके इंधन उडवून लावायचे, मग निर्वातात ऊर्ध्वपातन, मग अखेरची सफाई, आणि शेवटी नवी द्रव्ये मिसळायची. ते गॅरेजचे नव्हे, मोठ्या कारखान्याचे काम. सेंट्रिफ्यूज शोभतो तो जिथे एकाच जातीचे पुष्कळ तेल असते आणि त्यात मुख्यतः पाणी व कण शिरलेले असतात तिथे: वीजकेंद्रातल्या टर्बाइनचे तेल, कारखान्यातले हायड्रॉलिक आणि कटिंग ऑइल. टाकीच्या तळाशी बसलेल्या चिखलासारख्या गाळासाठी आडव्या भांड्याचे, आत मळसूत्र फिरणारे निराळे यंत्र असते. ते गाळ, पाणी आणि तेल असे तीन वाटे करू शकते.

जहाजावर हे का जमते, तेही मग कळले. तिथे वंगणाच्या टाकीत दुसरे काही कोणी ओतत नाही, आणि तेलाचा नमुना तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवतात. आमच्या पिंपात मात्र इंजिन ऑइल, गियर ऑइल, भाग धुतलेले डिझेल, रेडिएटरचे पाणी, ब्रेक ऑइल अशी सगळी खिचडी. पुनःशुद्धीकरणाचा कारखानाही ही खिचडी नाखुशीनेच घेईल. आपल्या देशाच्या घातक कचऱ्याच्या नियमांतही पुन्हा शुद्ध करण्याजोगे 'वापरलेले तेल' आणि गाळ-सांडलवंडीचे 'टाकाऊ तेल' असा भेद केलेला आहे. १ एप्रिल २०२४ पासून तर वंगण तेल बनवणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवर वापरलेल्या तेलाच्या पुनःशुद्धीकरणाची जबाबदारी टाकण्यात आली आहे. आमच्या गॅरेजपर्यंत त्यांचा कोणी माणूस अजून पोहोचलेला नाही.

हे सर्व मी वडिलांना एका रविवारी सांगितले. यंत्र आपल्या कामाचे नाही, हे ऐकून त्यांना फारसे वाईट वाटले नाही. उलट पैसे वाचल्याचा आनंदच दिसला. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी एक पिंप आणले आणि दोन्हींवर पत्र्याची झाकणे बसवली. एकात फक्त इंजिन आणि गियर ऑइल, दुसऱ्यात धुण्याचे डिझेल. रेडिएटरचे पाणी वेगळ्या कॅनमध्ये. भंगारवाल्याने भाव काही वाढवून दिला नाही. त्याच्या टेम्पोत दोन्ही पिंपे पुन्हा एकाच टाकीत जाताना मी स्वतः पाहिली. म्हणून आता वडील परवाना असलेल्या खरेदीदाराची चौकशी करीत आहेत. तो यायला कबूल आहे, पण दोनशे लिटरपेक्षा कमी ऑइलसाठी येणार नाही म्हणतो. शेजारच्या दोन गॅरेजवाल्यांशी बोलणे चालू आहे.

परवा अभ्यासाला बसले होते, तर वडील दारात उभे. हातात ब्रेक ऑइलचा डबा. "हे कुठल्या पिंपात?" कुठल्याच नाही, ते निराळ्या रसायनाचे असते आणि त्याने इंजिन ऑइल बिघडते, असे मी सांगितले. त्यांनी थोडा विचार केला, आणि रिकामी कॅन शोधायला ते मागे गेले.