प्रोग्रामिंग: वर्गात की स्वतःहून?

विद्यापीठाचा आधार: जळगाव, धुळे व नंदुरबारमधील बहुतेक महाविद्यालये कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी (स्थापना १९९०) संलग्न आहेत.

वर्गाचे बळ: विषयांचा क्रम ठरलेला, प्रात्यक्षिकाला वेळापत्रक, अडले की विचारायला सर-मॅडम समोर. मर्यादा एकच: जर्नलसाठी उतरवून काढलेला प्रोग्रॅम डोक्यात राहत नाही.

स्वयंअध्ययनाचे बळ: पायथॉनमध्ये range(1, 10) लिहून लूप चालवा, आकडे ९ वरच थांबतात. असे का, हे स्वतः शोधणारा ते सहसा विसरत नाही. धोका असा, की विचारणारे कोणी नसले की अभ्यास मध्येच सुटतो.

मधला मार्ग:
• स्पोकन ट्युटोरिअल: आयआयटी मुंबईचा मोफत उपक्रम. धडे छोटे, मराठी निवेदनही उपलब्ध. एका खिडकीत धडा, दुसरीत आपला कोड.
• स्वयम (२०१७) आणि एनपीटीईएलचे ऑनलाइन अभ्यासक्रम: शिकणे मोफत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क. एनपीटीईएलमध्ये साप्ताहिक स्वाध्यायाला २५ टक्के, परीक्षेला ७५ टक्के भार.

एवढे कराच: वर्गात शिकलेला प्रत्येक प्रोग्रॅम त्याच दिवशी न बघता पुन्हा लिहा. त्यात एक बदल करा, चूक आली तर संदेश पूर्ण वाचा. घरी संगणक नसेल तर महाविद्यालयाची प्रयोगशाळा हक्काने मागा. रोजच्या सरावानेच हात बसतो.