लग्न कोणाच्या पथ्यावर पडते?

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी आपल्याकडे म्हण आहे. या दोन कामांत किती खस्ता खाव्या लागतात ते स्वतः केल्याशिवाय कळत नाही, असा तिचा अर्थ. करून पाहिल्याशिवाय बोलू नये असे सांगणारी ही म्हण विज्ञानाच्या शिक्षकाला आवडायला हरकत नाही. अडचण एवढीच, की हा प्रयोग अर्धाच करता येतो. ज्याने लग्न केले त्याला तीच वर्षे, त्याच वयात, लग्न न करता जगून पाहता येत नाहीत. ताडून पाहायला दुसरी बाजूच नसते.

तरीही उत्तरे सर्रास दिली जातात. 'लग्न झाले की मुलगा मार्गाला लागतो', 'मुलीचे एकदा हात पिवळे केले की तिचे भले होते' ही वाक्ये आपण सर्वांनी ऐकली आहेत. आपल्या वर्गातून एखादी मुलगी अचानक यायची बंद होते तेव्हा त्यामागेही कधीकधी हेच वाक्य असते. म्हणून त्याची छाननी करणे हे शिक्षकांचे काम आहे, असे आम्हांला वाटते.

फारचा तक्ता

या प्रश्नाला आकड्यांनी उत्तर देण्याचा एक जुना प्रयत्न विल्यम फार यांचा. वैद्यकाचे शिक्षण घेतलेले फार इंग्लंडच्या जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयात आकडेवारीचे काम पाहत. 1858 मध्ये त्यांनी फ्रान्समधल्या मृत्यूंचा अभ्यास मांडला. प्रौढ माणसांचे त्यांनी तीन गट केले : विवाहित, अविवाहित आणि जोडीदार गमावलेले. आता तीनही गटांचे मृत्युदर सरळ शेजारी ठेवले तर काय होईल? विधवा आणि विधुर हे सरासरीने वयस्कर असतात, म्हणून त्यांच्यात मृत्यू जास्त दिसणारच. हे ओळखून फार यांनी एकाच वयोगटातील माणसांची तुलना केली. विवाहितांचे आयुष्य एकूण जास्त सुरक्षित दिसले. मात्र विशीच्या आत लग्न झालेल्यांना हा नियम लागू पडला नाही.

त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे अनेक देशांत हाच कल पुन्हा पुन्हा आढळला आहे. विवाहित माणसे सरासरीने जास्त जगतात, आणि हा फरक बायकांपेक्षा पुरुषांत बहुधा मोठा असतो. मग प्रश्न सुटला का? नाही. खरा प्रश्न इथेच सुरू होतो.

आधी कोंबडी की आधी अंडे?

एक काल्पनिक उदाहरण फळ्यावर मांडून पाहू. समजा एका गावात 100 तरुण आहेत. त्यांतले 80 धडधाकट आणि 20 जुनाट आजाराचे. स्थळे पाहताना प्रकृती बघितली जातेच. त्यामुळे धडधाकटांपैकी 70 जणांची लग्ने झाली, 10 जणांची नाहीत. आजाऱ्यांपैकी 5 जणांची झाली, 15 जणांची नाहीत. आता असे धरू, की लग्नाचा प्रकृतीवर काडीचाही परिणाम होत नाही. पुढच्या काही वर्षांत धडधाकटांपैकी दर दहांत एक दगावतो आणि आजाऱ्यांपैकी दर दहांत चार.

विवाहित 75 आहेत. त्यांतले मृत्यू 7 अधिक 2, म्हणजे 9, अर्थात 12 टक्के. अविवाहित 25 आहेत. त्यांतले मृत्यू 1 अधिक 6, म्हणजे 7, अर्थात 28 टक्के. तक्ता पाहणारा म्हणेल, 'बघा, लग्न न केल्याने मृत्यूचे प्रमाण दुपटीहून वाढले!' प्रत्यक्षात लग्नाने काहीच केलेले नाही. निवड आधीच झाली होती.

याला निवडीचा परिणाम म्हणतात. सुखाच्या बाबतीतही तो दिसतो. जर्मनीत 1984 पासून त्याच त्या कुटुंबांना दरवर्षी भेटून त्यांच्या आयुष्याची माहिती नोंदवली जाते. त्यातील 24 हजारांहून अधिक माणसांच्या 15 वर्षांच्या उत्तरांचा अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. लग्नाच्या सुमारास समाधान थोडे वाढते, पण काही वर्षांत ते सरासरीने पूर्वीच्याच पातळीवर येते, असे त्यात आढळले. शिवाय ज्यांची लग्ने झाली ती माणसे लग्नाच्या आधीपासूनच इतरांपेक्षा थोडी अधिक समाधानी होती.

मग सगळा फरक निवडीचाच म्हणायचा का? तसेही नाही. जोडीदार गेल्यावर मागे राहिलेल्याच्या मृत्यूचा धोका वाढतो आणि ही वाढ पुरुषांत जास्त दिसते. जेवणाची वेळ, औषधाची गोळी, विडी-दारूवरची टोकणी, नातेवाइकांशी जाणे-येणे हे सारे अनेक घरांत बायको सांभाळते. ती गेली की ही सारी व्यवस्था कोसळते. म्हणजे पुरुषाला मिळणारे संरक्षण निदान काही अंशी कोणाच्या तरी श्रमातून येते.

त्याचे लग्न आणि तिचे लग्न

इथून पुढचा प्रश्न आपोआप येतो. लग्न एकच, पण ते दोघांना सारखेच लाभते का? आपल्याकडे ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' या पुस्तकात अशाच प्रश्नाला हात घातला होता. बायको मेली तर नवरा दुसरी करतो, नवरा मेला तर बायकोच्या वाट्याला मात्र विटंबना, हा त्यांचा रोखठोक आक्षेप होता.

पंधरा वर्षांनी, 1897 मध्ये, फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खाइम यांनी आत्महत्यांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. फ्रान्समधील 1889 ते 1891 च्या नोंदी त्यांनी वय आणि वैवाहिक स्थिती यांनुसार वेगळ्या केल्या. विवाहित पुरुषांत आत्महत्यांचे प्रमाण त्याच वयाच्या अविवाहितांपेक्षा कमी होते, मुले नसली तरीही. बायकांचे तसे नव्हते. मुले असलेल्या विवाहितांत प्रमाण कमी होते, पण मूल नसलेल्या विवाहितांत ते त्याच वयाच्या अविवाहित स्त्रियांच्या सुमारे दीडपट होते. 'विवाहित' असा एकच रकाना ठेवला असता तर हे दिसलेच नसते. पुढे 1972 मध्ये अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जेसी बर्नार्ड यांनी म्हटले, की प्रत्येक लग्नात दोन लग्ने असतात, एक त्याचे आणि एक तिचे. त्यांच्या मते त्याचे लग्न जास्त फायद्याचे असते.

प्रयोग करता येत नसला तरी कधीकधी कायदा बदलतो आणि प्रयोगासारखी परिस्थिती तयार होते. अमेरिकेत 1970 च्या सुमारास एकेक राज्य घटस्फोटाचे कायदे सैल करू लागले. जोडीदाराची संमती नसली तरी घटस्फोट मिळू लागला. सर्व राज्यांनी हे एकाच वर्षी केले नाही, त्यामुळे राज्याराज्यांची तुलना करता आली. बेट्सी स्टीव्हनसन आणि जस्टिन वुल्फर्स या अर्थशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये ती प्रसिद्ध केली. कायदा बदललेल्या राज्यांत स्त्रियांच्या आत्महत्या कालांतराने 8 ते 16 टक्क्यांनी कमी झाल्या, घरातली मारहाणही घटली. पुरुषांच्या आत्महत्यांत तसा फरक दिसला नाही. बाहेरचा दरवाजा उघडा आहे एवढे माहीत असल्यानेही घरातले वागणे बदलते, असा याचा अर्थ लावता येतो.

रकान्याचे नाव नीट वाचा

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग बायकांनी लग्न करूच नये हे सिद्ध झाले! नेमके असेच 2019 च्या मे महिन्यात झाले. लंडनमधील प्राध्यापक पॉल डोलन यांनी एका जाहीर कार्यक्रमात सांगितले, की लग्न न केलेल्या, मूल नसलेल्या स्त्रिया सर्वांत सुखी असतात. विवाहित स्त्रिया आपण सुखी असल्याचे सांगतात, पण नवरा समोर बसलेला असतो तेव्हाच, असेही ते म्हणाले. बातमी जगभर गेली.

त्यांनी वापरलेली माहिती अमेरिकेतल्या वेळेच्या वापराच्या पाहणीतली होती. तिच्यात 'जोडीदार उपस्थित' आणि 'जोडीदार अनुपस्थित' असे दोन रकाने आहेत. डोलन यांनी त्याचा अर्थ घेतला, की प्रश्न विचारताना नवरा खोलीत होता किंवा नव्हता. ग्रे किम्ब्रो या अर्थशास्त्रज्ञांनी चूक दाखवून दिली. 'अनुपस्थित' म्हणजे नवरा त्या घरात राहतच नाही! नवऱ्यापासून दूर राहणाऱ्या विवाहितांना कमी सुखी वाटले, एवढेच त्या आकड्यांत होते. डोलन यांनी चूक मान्य केली, बातमीही दुरुस्त झाली. पण मूळ बातमी जेवढी पसरली तेवढी दुरुस्ती पसरत नाही, हा नेहमीचा अनुभव. आपल्या मनाजोगा निष्कर्ष असला म्हणजे आपण तो तपासत नाही, हा धडा दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवावा.

आपल्याकडचे आकडे

भारतात 2021 मध्ये 23,178 गृहिणींनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्या वर्षी आत्महत्या केलेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक गृहिणी होत्या. हा आकडा मन विषण्ण करतो. पण त्यावरून 'लग्नामुळे आत्महत्या वाढतात' असे म्हणता येईल का? आपल्या देशात बहुतेक प्रौढ स्त्रिया विवाहित असतात आणि त्यांतल्या अनेकींच्या नावापुढे 'गृहिणी' असेच लिहिले जाते. छेदस्थानी काय आहे हे पाहिल्याशिवाय अंशावरून निष्कर्ष काढता येत नाही. मात्र हा आकडा एक दावा नक्कीच खोडून काढतो : लग्न झाले की मुलगी सुरक्षित झाली, हा.

थेट मोजलेल्या गोष्टी जास्त बोलक्या आहेत. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, लग्न झालेल्या 18 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी देशात 29.3 टक्के आणि महाराष्ट्रात 25.2 टक्के स्त्रियांना नवऱ्याकडून हिंसा सोसावी लागली होती. त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाच्या आत झालेले होते. लग्नाचे कायदेशीर वय ठाऊक नसलेला माणूस आज सापडणे कठीण, तरीही पाचांत एक!

आणि श्रमांचे काय? 2019 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार सहा वर्षांवरील 81.2 टक्के स्त्रिया आणि 26.1 टक्के पुरुष घरातले बिनमोबदल्याचे काम करत होते. हे काम करणाऱ्या स्त्रीचे त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे जात, पुरुषाची 97. 2024 च्या पाहणीत हे आकडे 289 आणि 88 झाले. यात लहान मुली आणि आज्याही आल्या, म्हणून हा सगळा भार लग्नाचाच असे म्हणता येत नाही. पण लग्नाने तो हलका होतो असेही कोणी म्हणणार नाही.

वर्गात काय करता येईल?

आठवी ते दहावीच्या मुलांना आठवडाभर आपापल्या घरातील कामांची वेळ नोंदवायला सांगावी. पाणी भरणे, स्वयंपाक, भांडी, आजाऱ्याचे करणे, कोणी केले आणि किती मिनिटे? नावे लिहायची नाहीत, फक्त 'स्त्री' किंवा 'पुरुष' आणि वय. मग सर्वांची बेरीज फळ्यावर मांडावी. सरासरी, शेकडेवारी, अंश आणि छेद हे सारे त्यात येते. घरातल्या भांडणांची चौकशी मात्र करू नये. एखाद्या मुलाने आपणहून काही सांगितले तर ते वर्गात नव्हे, एकट्याने ऐकावे.

शेवटी, लग्न कोणाच्या पथ्यावर पडते? आम्हांला उपलब्ध पुराव्यावरून एवढे म्हणता येते : सरासरीने विवाहित माणसे जास्त जगतात, त्यात निवडीचा वाटा आहे, पुरुषांना लाभ जास्त दिसतो, आणि स्त्रीला काय मिळेल हे लग्न या शब्दावर कमी व त्यातल्या अटींवर जास्त अवलंबून असते. कोणत्या वयात, कोणाच्या मर्जीने, कामाची वाटणी कशी, मारहाण झाली तर परतीची वाट आहे की नाही, या त्या अटी. यांतली पहिली अट शाळेच्या हातात थोडीफार असते. मुलगी जितकी वर्षे वर्गात टिकते, तितके तिचे लग्न पुढे जाते. पुढच्या जूनमध्ये हजेरी घेताना एखादे नाव गळलेले दिसले, तर तिच्या घरी एक चक्कर जरूर मारावी.